तोमासाच्या बाजूचा गाळ

रविवार, २३ जून

जुनी वही शुक्रवारी संपली. नव्या वहीची सुरुवात दुरुस्तीने करावी लागते आहे, हे मला आवडलेलं नाही. पण चूक आहे तर आहे.

शुक्रवारच्या नोंदीत मी लिहिलं की गुरुवारच्या पावसाने गाळ दोन्ही पट्ट्यांत पसरला. ते बरोबर नाही. गाळ फक्त तोमासाच्या पट्ट्यात होता. माझ्या पट्ट्यात गाळ नव्हता. माझ्या सातव्या चराच्या टोकाला बांध फुटून हातभर रुंद भगदाड पडलं होतं. ‘दोन्ही’ हा शब्द मी घाईत लिहिला.

यामुळे दोष कोणाचा ते बदलत नाही. तोमासाने कोणाला न विचारता चर खणले, माझ्या बांधांच्या अगदी लगत खणले, म्हणून माझ्या बांधाची माती सैल झाली आणि तो फुटला. प्रकल्पाच्या वहीत मी हेच लिहिलं आहे. तिथेही ‘दोन्ही’ आहे. ती वही तीन आठवड्यांनी इंजिनिअरसाहेब बघतील. एका शब्दासाठी खाडाखोड केली तर वही घाण दिसेल.

नवी वही आहे तर मागचं थोडक्यात लिहून ठेवते, म्हणजे पुढे कधी वाचताना गोंधळ नको.

आमच्या पाशाकुल गावाच्या वर तात गास्पार यांची सहा कुएर्दा उताराची जमीन आहे. दगड आणि वाहून गेलेली लाल माती, कोणाला नको असलेली. चर्चच्या सहकारी संस्थेने ती तीन वर्षांसाठी घेतली आणि तिथे नमुन्याचं शेत करायचं ठरवलं. गावातल्या लोकांना सुधारलेल्या पद्धती नुसत्या सांगून पटत नाहीत, डोळ्यांनी बघितल्या की पटतात, असं इंजिनिअरसाहेबांचं म्हणणं. शेत उभं करायचं काम मला मिळालं, कारण नन्सच्या शाळेत सहा वर्षं काढलेली आणि पुढे दोन महिन्यांचा शेतीचा वर्ग केलेली गावात मी एकटीच आहे.

शेताचे वरून खाली असे शेजारी शेजारी दोन पट्टे केले. डावा सुधारलेला: उताराला आडवे अकरा समतल चर, बांधांवर गवत, कंपोस्ट, मोजून टाकलेलं बियाणं. तो माझा. उजवा नेहमीसारखा, नुसता तुलनेसाठी. रस्त्यावरून जाणाऱ्याला एका नजरेत फरक दिसला पाहिजे. त्या पट्ट्यासाठी नवं काही न शिकलेलं माणूस हवं होतं. तोमासाचं नाव मीच सुचवलं. ती माझी मावसबहीण, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, शाळेत कधीच गेली नाही. तिचा नवरा किनाऱ्याकडच्या मळ्यांवर गेला आहे. पट्ट्यात येईल तो मका तिचा, असं ठरलं. तिच्या घरचा वर्षाचा मका तोच.

एप्रिलमध्ये मी तिला म्हटलं होतं, “तू नेहमी करतेस तसंच कर.”

“म्हणजे माझं वाईट दिसायला हवं?”

“वाईट नाही गं. नेहमीसारखं.”

“पण नेहमी मी चांगलंच करते.”

मला वाटलं, तिला कळलं आहे.


मंगळवार, २५ जून

शेजारच्या गावातले सहा जण शेत बघायला आले. प्रत्येक चरावर मी माहितीची पाटी लावली होती, तक्ता तयार ठेवला होता. मातीचे थर तीन रंगांत काढले होते. तात गास्पार नेहमीप्रमाणे न बोलावता आले आणि दगडावर बसले.

माझं बोलणं सगळ्यांनी टोप्या काढून ऐकून घेतलं. मग एकाने विचारलं, “आणि तिकडचं कुणाचं?” आणि सगळे तिकडे गेले.

तोमासाचा मका माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. हे मी इथे लिहिते, कारण मी मोजलं आहे. पानं जास्त रुंद आहेत. मक्यावर घेवडा चढला आहे, खाली भोपळा पसरला आहे, आणि मधून मधून तिचे नऊ चर, पाण्याने काठोकाठ भरलेले. गुरुवारचा गाळ आला होता त्या जागेवरही तिने रोपं उभी करून बुडाशी माती लावली आहे. तुलनेचा पट्टा असा असतो का?

ती खुरपत होती. तिने काही भाषण केलं नाही. तरी ते पाऊण तास तिथे होते आणि हसत होते. माझ्याकडे वीस मिनिटं होते. कोणी हसलं नव्हतं.

नंतर मी तात गास्पारना विचारलं, “एवढं काय हसायला झालं होतं?”

“काही नाही पोरी. तोमासा म्हणाली, मला इथे वाईट मका काढायला ठेवलंय, पण मक्याला ते कुणी सांगितलंच नाही.”

मग ते उठताना म्हणाले, “मास्तरीणबाई, तुझ्याकडे पाट्या जास्त आहेत आणि तिच्याकडे मका जास्त आहे. थोड्या पाट्या तिला दे, थोडा मका तू घे. झालं.”




शुक्रवार, २८ जून

सकाळी शेतावर गेले तर तोमासा माझ्या आधी आलेली. टोपलीचा पट्टा कपाळाला अडकवून, टोपली पाठीवर घेऊन ती तिच्या पट्ट्यातली लाल माती वर माझ्या सातव्या चराकडे नेत होती. भगदाड अर्धं बुजलं होतं.

“हे काय चाललंय?”

“तुझी माती तुला परत देते. माझ्याकडे राहून काय करू? वर जाईल तिथे कामाला येईल.”

‘तुझी माती’ असं ती का म्हणाली? मला टोचायला? तिचा चेहरा तसा नव्हता. पण तिचा चेहरा कधीच तसा नसतो.

मी म्हटलं, मी करीन, राहू दे. तिने ऐकलं नाही. अकरा टोपल्या झाल्यावर ती पाणी प्यायला बसली. माझी ए-चौकट तिथेच पडली होती. तीन काठ्या ए अक्षरासारख्या बांधलेल्या, मधल्या आडव्या काठीसमोर दोरीला लोंबणारा दगडाचा ओळंबा. दोन पाय उतारावर ठेवायचे, दोरी आडव्या काठीवरच्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. अशाच खुणा करत चरांच्या रेघा आखतात. तिने चौकट उचलून बघितली.

“नार्सी, तुझ्या काठीचा एक पाय झिजलाय का गं?”

“नाही,” मी म्हटलं. “खूण मी पट्टीने मोजून केली आहे. बरोबर मध्यावर. मिलिमीटरसुद्धा चूक नाही.”

“बरं,” ती म्हणाली आणि चौकट हळूच खाली ठेवली.

ज्या मुलीला मिलिमीटर म्हणजे काय ते माहीत नाही, तिने माझ्या चौकटीला नाव ठेवावं? मे महिन्यात तिने स्वतःसाठी अशीच चौकट बांधली तेव्हा मी बघितलं होतं. ती दोन दगडांवर चौकट ठेवायची, कोळशाने खूण करायची, मग उचलून उलटी फिरवून परत त्याच दगडांवर ठेवायची. मला वाटलं, म्हाताऱ्या बायका पेरणीआधी चार दिशांना वळतात तसं काहीतरी. मला तेव्हा हसू आलं होतं. आज आलं नाही.


मंगळवार, २ जुलै

आई सकाळी तोमासाकडे खुरपायला गेली. मला न सांगता. दुपारी आली तेव्हा तिच्या विणलेल्या पोलक्यावर, उइपीलवर, भोपळ्याची पिवळी फुलं अडकली होती, टोपलीत आणखी होती.

“माझ्या पट्ट्यातही खुरपण आहे,” मी म्हटलं.

“तुझ्या पट्ट्यात मला भीती वाटते गं बाई. कुठे पाय ठेवू आणि कुठे नको. तू दोऱ्या बांधून ठेवल्यात.”

“आणि तिच्याकडे?”

“तिच्याकडे मका आहे,” आई म्हणाली, जणू हे उत्तर होतं.

घरात वाचता येणारी मी एकटी. माझे दोघे भाऊ दहाव्या वर्षी मळ्यांवर गेले, म्हणून मी शाळेत राहिले. औषधाच्या बाटलीवरचं, चर्चच्या पत्रातलं, नगरपालिकेच्या कागदावरचं, सगळं माझ्याकडे येतं. लोक बाहेर उभे राहून “सेन्योरिता नार्सिसा आहेत का?” विचारतात, तेव्हा आई आतून इतक्या तोऱ्यात “आहेत, आहेत” म्हणते की मला लाज वाटते. पण मक्याचं काही विचारायचं असलं की ती तोमासाकडे जाते. मीसुद्धा मक्यासाठीच शिकले ना? मग शिकून मला काय मिळालं, जर माझी आईच तिकडे जाते?

हे लिहू नये. पण शाळेत सिस्टर म्हणायच्या, स्वतःच्या वहीत खोटं लिहिणारी माणसं पुढे सगळीकडे खोटं लिहितात.

फुलं आईने अंड्यात घालून केली. मी खाल्ली नाहीत.


शनिवार, ६ जुलै

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

तोमासा घरी आली. हात धुऊन, केस बांधून, चर्चला जावं तशी. म्हणाली, “प्रकल्पाच्या वहीत माझ्या पट्ट्याबद्दल काय लिहिलंयस ते वाचून दाखव ना. इंजिनिअर येणार आहेत. मला माहीत असायला हवं.”

वही स्पॅनिशमध्ये आहे. तिला स्पॅनिश बाजारात बोलण्यापुरतं येतं, वाचता अजिबात नाही. मी वही उघडली आणि आपल्या भाषेत सांगायला लागले. वीस जूनला जोरदार पाऊस. पट्टा दोनमध्ये, म्हणजे तोमासाच्या पट्ट्यात, मक्याचं थोडं नुकसान. सातव्या चराची दुरुस्ती चालू.

मी इतकंच वाचलं.

ती पानाकडे बघत होती. मग तिने बोट ठेवलं. “हे मी.” मग खाली. “हे पण मी.” मग अगदी शेवटी. “आणि हे.” तिला तिचं नाव ओळखता येतं. लहानपणी चुलीजवळच्या राखेत मीच शिकवलं होतं, ‘टी’चा खांब आणि मग पुढची सगळी अक्षरं.

“माझं नाव तीनदा आहे,” ती म्हणाली. “तू एकदाच घेतलंस.”

“स्पॅनिशमध्ये नाव परत परत लिहावं लागतं,” मी म्हटलं.

“हो का?” ती म्हणाली. मग आईने दिलेला आतोल, मक्याची गरम पेज, प्यायली, कप धुऊन उपडा घातला. जाताना म्हणाली, “अक्षर सुंदर आहे गं तुझं. पूर्वीपासून.”

माझे कान अजून गरम आहेत. तिला संशय आला असेल का? नसावा. संशय आला असता तर माणूस अक्षराचं कौतुक करत नाही.


शुक्रवार, १२ जुलै

इंजिनिअरसाहेब आले. वही शेतावर उभ्याउभ्याच वाचली. मग दोन्ही पट्ट्यांतून खालीवर फिरले. बूट लाल झाले. तोमासा बांधाजवळ हात बांधून उभी होती. त्यांना आपली भाषा येत नाही, तिला त्यांची फारशी येत नाही. मधे मी.

“या बाईला चर कोणी खणायला सांगितले?”

मी तिला विचारलं. ती म्हणाली, “कोणी नाही. माती जाताना दिसत होती. बघत कशी बसू?” मी तसंच सांगितलं. शब्दाला शब्द.

साहेब चिडले नाहीत. मान हलवली. म्हणाले, “अशाने तुलना बिघडली. रविवारी अठ्ठावीसला शेतदिवस आहे, चार गावांतले लोक येणार. त्यांना काय दाखवणार आपण? दोन्हीकडे चर? आणि तुमच्या नोंदीप्रमाणे हिच्याच चरांनी बांध फुटला. शनिवारी सत्तावीसला चार माणसं लावून हे चर बुजवून टाका. पट्टा पूर्वीसारखा झाला पाहिजे.”

मग तोमासाच्या मक्यावर हात फिरवून ते हळू आवाजात म्हणाले, “पण या बाईच्या हाताला गुण आहे. वाईट वाटतं.”

त्यांचं सगळं बोलणं मी तोमासाला सांगितलं. हे शेवटचं वाक्य सांगितलं नाही. ते मला उद्देशून होतं असं मी समजले.

“बुजवायचे?” तोमासा म्हणाली. “आत्ता? भर पावसात? मग पहिल्या मोठ्या पावसाला माझा मका खाली ओढ्यात जाईल.”

“तुलना स्वच्छ असायला हवी, असं ते म्हणतात.”

“तुलना म्हणजे काय? माझा मका वाहून गेला की ती स्वच्छ होते?”

मी हे त्यांना सांगितलं का? सांगितलं. पण असं सांगितलं: “तिला मक्याची काळजी वाटते.” ते म्हणाले, स्वाभाविक आहे.

निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं. शेला शहरात सप्टेंबरपासून सहा महिन्यांचं प्रशिक्षण आहे, नमुन्याची शेतं चालवणाऱ्यांसाठी. या भागातून एकच जागा. “तुमच्या नोंदी नेटक्या असतात, सेन्योरिता. शेतदिवस नीट पार पडला की तुमचंच नाव पाठवतो.”

शेलाला जायची स्वप्नं मी शाळेपासून बघते. आज मला आनंद व्हायला हवा होता. मी घरी येऊन दोन वेळा भांडी घासली.


रविवार, १४ जुलै

प्रार्थनेनंतर तात गास्पार आणि तोमासा चर्चच्या पायऱ्यांवर बोलत होते. मी आईची वाट बघत मागेच उभी होते. मी त्यांना दिसत होते, लपून ऐकलं असं नाही.

तात गास्पार स्वतःच्या दुसऱ्या शेतात चर खणायला लागले आहेत. सत्तर वर्षांचे आहेत. म्हणाले, “तू ती काठी उलटी का फिरवतेस, ते सांग एकदा. मला वाटलं काही मंत्रबिंत्र आहे.”

तोमासा हसली. “मंत्र कसला, तात? बाजारातला तराजू तपासतात तसं. घेवडा विकायला जाते तेव्हा व्यापारी वजन एका पारड्यात टाकतो, घेवडा दुसऱ्यात. काटा मध्ये आला म्हणून मी विश्वास ठेवते का? मी म्हणते, आता वजन इकडे, घेवडा तिकडे. तराजू खरा असेल तर काटा परत मध्येच येतो. खोटा असेल तर लगेच कळतं. ही काठी तरी दुसरं काय आहे? एक पाय जरा लांब असतोच. एकदा अशी ठेवायची, खूण करायची. उलटी ठेवायची, खूण करायची. दोन खुणांच्या मधोमध खरी खूण.”

“आणि काठीचा मधोमध मोजला तर?”

“तो काठीचा मधोमध झाला, तात. जमिनीचा नाही.”

तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. क्षणभरच. मग पटकन दुसरीकडे बघितलं, जसं एखादीचा पदर सरकला की आपण बघतो आणि बघितलं नाही असं करतो.


सोमवार, १५ जुलै

पहाटेच शेतावर गेले. माझी ए-चौकट दोन दगडांवर ठेवली. दगड असे लावले की दोरी माझ्या खुणेवर आली. मग चौकट उलटी फिरवली.

दोरी खुणेपासून दोन बोटं लांब पडली.

परत केलं. परत दोन बोटं. मग पाय मोजले. उजवा दीड बोट लांब आहे. पायांची टोकं मी कधी मोजलीच नव्हती. मोजला तो फक्त मधला दांडा, मिलिमीटरपर्यंत.

म्हणजे माझे अकराही चर तिरके आहेत. सगळे उजवीकडे उतरतात, तोमासाकडे. पाऊस पडला की अकराही चरांतलं पाणी हद्दीवर गोळा होतं. वीस तारखेला सातव्या चरातलं पाणी माझ्या बांधातून फुटून तिच्या मक्यात गेलं. तिच्या चरांमुळे नाही. तिचे चर होते म्हणून गाळ पहिल्या दोन ओळींत अडला. नसते तर सगळा पट्टा गेला असता.


बुधवार, १७ जुलै

एक गोष्ट सुचली आणि मला आनंद झाला. काय सुचलं ते लिहायलाच हवं.

माझे चर तिच्याकडे उतरतात, म्हणजे मे महिन्यापासून माझ्या पट्ट्यातलं पाणी तिच्या मक्याला मिळत होतं. म्हणून तिचा मका उंच! माझं पाणी पिऊन उंच! सगळे ज्याचं कौतुक करतात तो मका अर्धा माझा आहे!

दिवसभर मी हलकी होते. आईशी चांगलं बोलले. संध्याकाळी भाकऱ्या थापताना एकदम लक्षात आलं की तोमासाचा मका मी मोजला तेव्हा हद्दीजवळचा आणि लांबच्या कडेचा दोन्ही मोजला होता. दोन्हीकडे सारखाच होता. लांबच्या कडेला माझं पाणी पोचत नाही. वाटेत तिचे चर ते अडवतात.

आकडे मीच लिहिले होते. मागच्या वहीच्या शेवटून तिसऱ्या पानावर.

तोमासाच्या मक्यात माझं काही नाही. मला हे इतकं लागावं, याचीच मला भीती वाटली.


शनिवार, २० जुलै

नीट विचार केला. शेतदिवस झाल्यावर सांगावं हे बरं. तोपर्यंत चर बुजवले जातील, पण पाऊस कमी पडू शकतो. शिवाय आत्ता सांगितलं तर चार गावांतल्या लोकांपुढे सगळ्या प्रकल्पाचं हसू होईल, मग सुधारलेल्या पद्धतींवर कोणी विश्वास ठेवणार नाही. म्हणजे गप्प राहणं हे माझ्यासाठी नाही, शेतकऱ्यांसाठीच आहे.

वर लिहिलेलं परत वाचलं. ‘शेतकऱ्यांसाठीच’ हा शब्द ‘दोन्ही’सारखाच आहे.


सोमवार, २२ जुलै

तात गास्पार यांच्या शेतावरून गेले. पाच चर खणून झाले होते, सहावा अर्धवट. कुदळ बांधावर उभी. ते सावलीत बसले होते.

“थांबलात का, तात?”

“इंजिनिअर म्हणतात ना, तोमासाचे चर फुटले. गावभर झालंय. आपल्या गावातल्या सिप्रियानोने पण खणणं थांबवलं, शेजारच्या चुंग गावच्या माणसांनी पण. तिचे फुटले तर माझे कसे टिकतील? तिच्याकडूनच शिकलो मी.” मग म्हणाले, “मला पटत नाही हां. मी त्या पावसानंतर गेलो होतो, बघितलंय. पण वहीत लिहिलंय म्हणतात. आणि लिहिलेलं तू. मग तसंच असेल.”

मी म्हटलं, “तात, तुम्ही काय बघितलं?”

“पोरी, मला वाचता येत नाही. मी बघितलं काय आणि नाही काय.”

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

घरी आले तर आई आणि तोमासा दारात घेवडा सोलत बसल्या होत्या. आई तिला म्हणत होती, “तू शनिवारी तिथे जाऊच नकोस. बघवणार नाही तुला.”

“जाणार,” तोमासा म्हणाली. “मका एकटा कसा सोडू?” मग मला बघून सरकली. “बस ना नार्सी. दमलेली दिसतेस. शेलाला गेलीस की आम्हाला विसरशील हं!”

“कोणी सांगितलं तुला शेलाचं?”

“तुझ्या आईने. सगळ्या गावाला सांगितलंय तिने.” ती हसली. “बरं झालं. कुणीतरी नीट शिकून यायला हवं. मग मला शिकव. मी तुझे चर बघूनच तर खणले.”

ती खोटं बोलत नव्हती. तिने माझ्याकडूनच घेतलं होतं. चुकीचं तेवढं तिने वगळलं होतं, आणि ते मला कधी बोलून दाखवलं नव्हतं. शेंगा सोलताना तिच्या बोटांकडे मी बघत होते. मला तिचा राग येत होता. आजही. कदाचित जास्तच.


मंगळवार, २३ जुलै

ठरवलं आहे. परत विचार करायला लागले तर पुन्हा ‘शेतकऱ्यांसाठी’ काहीतरी सापडेल, म्हणून सगळं इथे लिहून ठेवते.

पत्र लिहिणार नाही. पत्रात मी वाक्यं फिरवीन, मला ते चांगलं जमतं. इंजिनिअरसाहेब गुरुवारी बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी चर्चमागच्या खोलीत बसतात. प्रकल्पाची वही त्यांच्याकडेच आहे. तोमासा त्या दिवशी तिथे घेवडा विकायला असते. तिला दुकानावरून उठवून आत न्यायचं. चौकट बरोबर न्यायची. टेबलावर ठेवून फिरवायची, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. ते विचारतील ते सगळं तिला सांगायचं, ती म्हणेल ते सगळं त्यांना. मग त्याच पानावर, त्याच नोंदीखाली, शाईने: चर अकरा, सगळे तिरके, चूक नार्सिसा कुत्साल हिची. शनिवारची माणसं रद्द करायला सांगायचं. शेतदिवसाला तोमासाचा पट्टा दाखवा आणि माझाही दाखवा, तुलना होईलच, असं म्हणायचं. हे शेवटचं वाक्य मी आरशासमोर म्हणून बघितलं. आवाज कापतो, पण निघतो.

शेलाची जागा जाईल. कदाचित तिलाच मिळेल. मी चांगली झाले आहे म्हणून हे करते आहे, असं पुढे कधी वाचताना मला वाटू नये, म्हणून लिहून ठेवते: आज सकाळीही शेतावर जाऊन मी तिच्या मक्याकडे बघितलं. तुरे यायला लागले आहेत. एक रोप मुळासकट उपटावं असं मला वाटलं. हात लावला. मग त्याच्या बुडाशी थोडी माती ओढली आणि परत आले.

आईला अजून सांगितलेलं नाही. तात गास्पारना सांगितलं, मला तुमच्याबरोबर ट्रकने न्या, मधेच माझा विचार बदलला तरी उतरू देऊ नका. त्यांनी कारण विचारलं नाही. म्हणाले, “पुढे ड्रायव्हरशेजारी बसवतो तुला. तिथून उतरता येत नाही, दार बाहेरूनच उघडतं.”

ट्रक चौकातून पहाटे साडेपाचला सुटतो. गुरुवार, २५ जुलै.